आयर्लंडची फी भरून घेण्याआधी राहायच्या जागेचे बोला : परदेशी शिक्षण सल्लागारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील परदेशी शिक्षण सल्लागार संस्थांचे संचालक आणि समुपदेशक यांस,

सविनय नमस्कार.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस मी एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी डब्लिनला आले. अभ्यासक्रम पूर्ण झाला, पदवी हाती आली, आणि आता ‘स्टॅम्प १जी’ या पदवीनंतरच्या परवान्यावर मी इथेच नोकरी करते आहे. मला इथे फार चांगले शिक्षक मिळाले, त्यांनी शिकवलेले रोजच्या कामात उपयोगी पडते आणि इथे आल्याचा मला पश्चात्ताप नाही. तरीही हे पत्र लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते, कारण निघण्यापूर्वी आपल्यासारख्याच एका संस्थेच्या पुण्यातील कार्यालयात मी आणि माझ्या वडिलांनी साताऱ्याहून चार खेपा घातल्या होत्या, आणि त्या चार खेपांत राहायच्या जागेचा विषय निघाला तो फक्त एकदा, तोही मी विचारले म्हणून. उत्तर आले, “ते तिकडे गेल्यावर होऊन जातं, सगळ्यांचं होतं.” माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत. समोरचा माणूस जाणकार आहे, तो खोटे कशाला सांगेल, असे मानून त्यांनी मान डोलावली आणि राहता फ्लॅट तारण ठेवून काढलेल्या कर्जाच्या कागदांवर सह्या केल्या.

“होऊन जातं” हे उत्तर आजही तुमच्या टेबलांवरून दिले जाते आहे. गेल्या सप्टेंबरच्या इनटेकला आलेल्या ज्या मुलामुलींना मी भेटले, त्यांतल्या बहुतेकांनी हेच ऐकले होते. म्हणून जागेचा प्रश्न इथे प्रत्यक्षात कसा असतो, ते मी थोडे विस्ताराने सांगते.

मी दहा रात्रींचे हॉस्टेलचे बुकिंग करून आले होते. दहा दिवसांत खोली मिळेल, हा अंदाजही मला त्याच कार्यालयातून मिळाला होता. रोज सकाळी उठून भाड्याच्या जागांच्या संकेतस्थळावर नव्याने आलेल्या खोल्यांच्या मालकांना संदेश पाठवायचे, बहुतेकांचे उत्तर यायचे नाही, आणि ज्यांचे यायचे त्यांच्या व्ह्यूइंगला, म्हणजे खोली पाहायला, धावायचे, हा माझा विद्यापीठाचा पहिला आठवडा होता. फिब्सबरो भागातील एका खोलीच्या व्ह्यूइंगला मी वेळेच्या वीस मिनिटे आधी पोहोचले, तेव्हा जिन्यापासून फुटपाथपर्यंत रांग लागलेली होती. माझ्या पुढे उभ्या असलेल्या ब्राझीलच्या मुलीच्या हातात प्लॅस्टिकची फाइल होती आणि तिच्यात आधीच्या घरमालकाचे शिफारसपत्र, कामाच्या ठिकाणचे पत्र आणि तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या नीट लावलेल्या होत्या. माझ्याकडे विद्यापीठाचे प्रवेशपत्र आणि पासपोर्ट एवढेच होते. कालच विमानातून उतरलेल्या विद्यार्थ्याकडे आयर्लंडमधल्या आधीच्या घरमालकाचे पत्र असणार तरी कुठून? ही फाइल लागते, भारतातून निघताना कॉलेजच्या प्राध्यापकांचे, आधीच्या नोकरीतल्या साहेबांचे आणि पुण्यात राहत असू तर तिथल्या घरमालकाचे पत्र घेऊन यावे, एवढे जरी कुणी सांगितले असते तरी माझी रांगेतली जागा थोडी पुढे सरकली असती.

माझ्यासोबत शिकणाऱ्या नागपूरच्या एका मैत्रिणीचे याहून वाईट झाले. तिने भारतात असतानाच मोबाइलवर एक फ्लॅट पाहिला. मालक म्हणवणाऱ्या माणसाने आपण सध्या देशाबाहेर असल्याचे सांगितले, किल्ली कुरिअरने पाठवतो म्हणाला आणि डिपॉझिट व पहिल्या महिन्याचे भाडे मिळून १,५०० युरो आगाऊ मागितले. तिने ते पाठवले. दोन मोठ्या बॅगा ओढत ती त्या पत्त्यावर पोहोचली तेव्हा दार उघडले ते तिथे अनेक वर्षे राहत असलेल्या एका कुटुंबाने. त्या बाईंनी तिला आत बसवले, चहा दिला, गार्डांना म्हणजे इथल्या पोलिसांना फोन लावून दिला, पण पैसे गेले ते गेलेच. ही फसवणूक इथे इतकी नेहमीची आहे की दर वर्षी प्रवेशाच्या हंगामात विद्यार्थी संघटना तिच्याबद्दल जाहीर इशारे देतात. तुमच्या व्हिसा सेमिनारमध्ये तो इशारा मराठीत, स्पष्ट शब्दांत का दिला जाऊ नये? जागा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय किंवा विद्यापीठाने खात्री करून दिल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही, हे पालकांसमोर सांगायला दोन मिनिटे लागतात.

मला अखेर जागा मिळाली ती उत्तरेकडच्या एका उपनगरात, ‘डिग्ज’ पद्धतीची. डिग्ज म्हणजे मालक राहतो त्याच घरातली एक खोली. घरमालकाला अशा खोलीच्या भाड्यातून वर्षाला १४,००० युरोपर्यंतचे उत्पन्न करमुक्त मिळते, म्हणून अनेक जण अशा खोल्या विद्यार्थ्यांना देतात, आणि ही सोय नसती तर आमच्यासारख्या कित्येकांना रस्त्यावरच राहावे लागले असते, हेही खरे आहे. माझी खोली सोमवार ते शुक्रवार होती. शुक्रवारी संध्याकाळी खोली सोडायची आणि रविवारी रात्री परत यायचे, असा करार होता. शनिवार-रविवारी मी मैत्रिणींच्या खोलीत जमिनीवर झोपत असे, आणि दिवसभर विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसत असे. डिसेंबरमध्ये इथे दुपारी चारनंतर सूर्य मावळतो. शनिवारी पाच वाजता ग्रंथालय बंद झाले की पाठीवर बॅग घेऊन अंधारात बसथांब्यावर उभे राहताना, आपण आज कुणाच्या दारी जायचे हा विचार मनात यायचा. तो मी घरी कधी सांगितला नाही.

घरमालकीण सत्तरीच्या होत्या, एकट्या राहत होत्या आणि मनाने वाईट नव्हत्या. नोव्हेंबरच्या पहिल्या थंडीत त्यांनी न मागता गरम पाण्याची रबरी पिशवी माझ्या पलंगावर आणून ठेवली होती. पण घर त्यांचे होते आणि नियमही त्यांचेच होते. स्वयंपाकघर संध्याकाळी सातपर्यंतच वापरायचे. गरम पाण्यासाठी ‘इमर्शन’चे, म्हणजे टाकीतल्या विजेच्या हीटरचे, बटण आंघोळीच्या अर्धा तास आधी दाबायचे आणि आठवणीने बंद करायचे. तळणे नाही, फोडणी नाही. पहिल्या आठवड्यात मी वरणाला फोडणी दिली, मोहरी तडतडली, हिंगाचा वास घरभर पसरला आणि जिन्यावरचा धुराचा अलार्म वाजू लागला. त्या घाबरून खाली आल्या, मी खिडक्या उघडत माफी मागत राहिले. त्यानंतर पाच महिने मी मायक्रोवेव्हमध्ये कच्च्या तेलावर वरण शिजवून खाल्ले. आई व्हिडिओ कॉलवर विचारायची, “आज काय केलंस?” मी मोबाइल खिडकीकडे फिरवून बाहेरचे हिरवे आवार दाखवायचे. खोलीची मी तिला एकच बाजू दाखवत असे.

फोडणीशिवाय माणूस जगतो. मला अधिक बोचले ते हे की डिग्जमधल्या विद्यार्थ्याला कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू मानले जात नाही. घर किंवा फ्लॅट रीतसर भाड्याने घेतला तर भाड्याविषयीचे कायदे लागू होतात, तक्रारीसाठी रेसिडेन्शियल टेनन्सीज बोर्ड आहे, आणि २०२१ पासून मालकाला एका महिन्याचे डिपॉझिट आणि एका महिन्याचे आगाऊ भाडे यापेक्षा जास्त रक्कम सुरुवातीला मागता येत नाही. डिग्जमध्ये राहणाऱ्याला यातले बहुतेक संरक्षण नसते. मार्चमध्ये घरमालकिणीच्या मुलीला ती खोली हवी झाली, तेव्हा मला दहा दिवसांत बाहेर पडावे लागले. माझ्या दोन असाइनमेंट्स त्याच दहा दिवसांत होत्या.

आता जागेवर बाकी सगळे कसे अवलंबून असते ते पाहा, कारण हे साखळीसारखे आहे आणि तुमच्या माहितीपुस्तिकांत तिच्या कड्या सुट्या सुट्या दिलेल्या असतात. काम करायचे तर पीपीएस क्रमांक, म्हणजे इथल्या सरकारचा वैयक्तिक ओळख क्रमांक, लागतो. त्या क्रमांकाच्या अर्जाला पत्त्याचा पुरावा लागतो. बँकेत खाते उघडायलाही पत्त्याचा पुरावा लागतो. डिग्जमधले अनेक मालक पत्त्याचे पत्र लिहून द्यायला तयार नसतात, आणि हॉस्टेलच्या पत्त्यावर हे काम नीट होत नाही. पीपीएस क्रमांक नसताना काम सुरू केलेच तर पगारातून ४० टक्के आपत्कालीन कर कापला जातो. तो पुढे परत मिळतो, पण घरभाडे द्यायचे असते ते आजच. देशात आल्यापासून ९० दिवसांत ३०० युरो भरून निवासी परवाना, म्हणजे आयआरपी कार्ड, काढायचे असते ते निराळे. ज्या विद्यार्थ्याला राहायला नीट पत्ता मिळत नाही, त्याचे क्रमांक, खाते, काम आणि पगार असे सगळेच पाठोपाठ अडते.

आणि इथेच मला आपल्या दुसऱ्या वाक्याकडे यावे लागते : “पार्टटाइममधून तिकडचा खर्च निघतो, थोडी फीसुद्धा निघते.” मी हिशेब मांडते, आपण तो पालकांसमोर मांडावा. विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते, आणि जून ते सप्टेंबर व १५ डिसेंबर ते १५ जानेवारी या काळात ४० तास. २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १३.५० युरो होते. आठवड्याचे पूर्ण २० तास मिळाले, एकही शिफ्ट रद्द झाली नाही आणि परीक्षेच्या आठवड्यातही सुटी घेतली नाही, तर आठवड्याला २७० म्हणजे महिन्याला साधारण १,१७० युरो होतात. त्यातून डब्लिनमध्ये एका खोलीचे ८०० ते १,००० युरो जातात. विद्यार्थी कार्डावर दीड तासाच्या बसप्रवासाचे एक युरो भाडे आहे, ते परवडते. त्यात किराणा, मोबाइल, आणि आजारी पडलोच तर डॉक्टरच्या एका भेटीचे साठेक युरो धरा. कर्जाचा हप्ता यात कुठेच नाही, फी तर नाहीच. शिवाय पहिल्या महिन्यातच २० तास मिळतात हे गृहीत धरणेही चूक आहे. मला पहिली नोकरी डिसेंबरमध्ये मिळाली, एका दुकानात, आठवड्याला बारा तासांची.

व्हिसासाठी फीव्यतिरिक्त वर्षाला १०,००० युरो दाखवावे लागतात, हे आपण सांगता. पालक त्या आकड्याला वर्षाचा खर्च समजतात. माझ्या वडिलांनीही तसेच समजले आणि तेवढ्याचीच तरतूद केली. बारा महिन्यांत वाटले तर ते महिन्याला ८३३ युरो होतात, म्हणजे डब्लिनमध्ये केवळ खोलीचे भाडे. तो आकडा व्हिसाची किमान अट आहे, खर्चाचा अंदाज नाही, हे वाक्य आपल्या प्रत्येक पत्रकात ठळक अक्षरांत असायला हवे.

ही टंचाई काही आमच्याच वाट्याला आलेली नाही, याचीही मला जाणीव आहे. २००८ च्या आर्थिक कोसळीनंतर आयर्लंडमध्ये कित्येक वर्षे घरबांधणी जवळपास थांबली होती. लोकसंख्या मात्र वाढत राहिली; २०२२ च्या जनगणनेत ती १८५१ नंतर प्रथमच ५० लाखांच्या वर गेली. सरकारने नेमलेल्या गृहनिर्माण आयोगाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात देशात दोन लाखांहून अधिक घरांची तूट असल्याचे म्हटले. माझ्या वर्गातल्या आयरिश मुली दुसऱ्या परगण्यातून रोज दोन-दोन तास प्रवास करून येत, कारण त्यांनाही डब्लिनमध्ये खोली परवडत नव्हती. तुमच्या सेमिनारमध्ये लिओ वराडकरांचे छायाचित्र दाखवले गेले आणि मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी नाते सांगणारा माणूस तिथला पंतप्रधान झाला, हे ऐकून सभागृहात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, आणि त्याचा अभिमान मला आजही आहे. पण त्यांच्या कारकिर्दीतही त्या देशात सर्वांत तापलेला प्रश्न घरांचाच होता, हे त्याच सभागृहात सांगितले गेले असते, तर माझ्या वडिलांनी पुढचा प्रश्न नक्की विचारला असता.

सुरक्षिततेबद्दलही एवढेच सांगते. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले आणि १ ऑगस्ट रोजी इथल्या भारतीय दूतावासाने सावधगिरीची सूचना काढली. त्यामुळे कुणी येऊच नये, असे मी म्हणणार नाही. माझे शेजारी, सहकारी आणि शिक्षक माझ्याशी नेहमी माणुसकीने वागले आहेत. पण लांबच्या उपनगरातली स्वस्त खोली आणि रात्री अकराला संपणारी शिफ्ट एकत्र आली की शेवटच्या बसमधून उतरून निर्जन रस्त्याने पंधरा मिनिटे चालणे भाग पडते. म्हणजे हाही प्रश्न फिरून खोली कुठे मिळते यापाशीच येतो.

माझी मागणी एकच आहे. फीचा पहिला हप्ता भरून घेण्याआधी विद्यार्थी आणि पालक दोघांना समोर बसवून जागेचे बोला. त्या दिवशीच्या खोल्यांच्या जाहिराती संगणकावर उघडून दाखवा. विद्यापीठाच्या स्वतःच्या वसतिगृहांचे अर्ज सप्टेंबरच्या कितीतरी महिने आधी सुरू होतात आणि जागा थोड्या असतात, म्हणून ज्या विद्यार्थ्याचा प्रवेश लवकर पक्का झाला आहे त्याचा वसतिगृहाचा अर्ज त्याच आठवड्यात भरून घ्या. ज्याची कागदपत्रे जुलैअखेर व्हिसासाठी जात आहेत, त्याला पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचा पर्याय प्रामाणिकपणे द्या, मग तुमच्या खात्यात या वर्षी एक प्रवेश कमी दिसला तरी चालेल. लिमरिक, वॉटरफर्ड, ॲथलोन इथेही चांगले अभ्यासक्रम आहेत आणि भाडे डब्लिनहून कमी आहे, हे सांगा. गॉलवे आणि कॉर्कचे नाव घेताना मात्र तिथेही खोली सहज मिळत नाही, हेही सांगा.

एक अवघड गोष्टही लिहिते. विद्यार्थी पाठवल्याबद्दल विद्यापीठे आणि महाविद्यालये सल्लागारांना कमिशन देतात. ते घेणे बेकायदेशीर नाही आणि तुमच्या संस्था त्यावर चालतात, हे मी समजू शकते. पण “आमची सेवा पूर्णपणे मोफत आहे” असे ऐकल्यावर माझ्या वडिलांना वाटले की हे लोक केवळ आपल्या भल्यासाठी बोलत आहेत. कोणत्या महाविद्यालयाकडून आपल्याला मोबदला मिळतो, हे पालकांना आधीच सांगितले, तर त्यांना सल्ल्याचे मोल ठरवता येईल. साताऱ्या-सांगलीकडचा, जळगाव-परभणीकडचा पालक इंग्रजी संकेतस्थळांवर शोध घेत बसत नाही. तो तुमच्या तोंडाकडे पाहून निर्णय घेतो आणि घर गहाण टाकतो.

माझ्याकडून होईल ती मदत करायला मी तयार आहे. पुढच्या सप्टेंबरसाठी तुमचे सेमिनार सुरू होतील, तेव्हा त्यातली तीस मिनिटे मला द्या. शनिवारी मला सुटी असते. उन्हाळ्यात तुमच्याकडे दुपारचे चार वाजतात तेव्हा इथे सकाळचे साडेअकरा झालेले असतात, ती वेळ दोन्हीकडे सोयीची आहे. मी व्हिडिओवर येईन, माझ्या भाड्याच्या पावत्या, पहिल्या पगाराची कापलेली चिठ्ठी आणि महिन्यांचा जमाखर्च दाखवेन, आणि पालकांच्या प्रश्नांना मराठीत उत्तरे देईन. त्यासाठी मला मानधन नको. मात्र त्या दिवशी सभागृहात पालकांना पुढच्या रांगेत बसवावे आणि फीचे अर्ज माझे बोलून झाल्यावरच वाटावेत, एवढी विनंती आहे.

कळावे,

आपली नम्र,
डब्लिनमधील एक माजी विद्यार्थिनी
(मूळ गाव जिल्हा सातारा)